शेडनेटमधल्या अँथुरियम-ऑर्किडची साप्ताहिक पाहणी

चिकट सापळे टांगले म्हणजे पाहणी झाली, असं धरून चालू नका. सापळ्यावर फक्त पंख असलेली कीड चिकटते. कोळी (जाळं विणणारा नव्हे, रस शोषणारी बारीक कीड, माइट), खवले कीड आणि पिठ्या ढेकूण पानाखाली नाहीतर देठाच्या बेचक्यात बसून असतात. सापळा कोरा आणि पीक पोखरलेलं, असं सर्रास होतं.

तरी सापळे हवेतच. गुंठ्याला एक पुरे, शेंड्याच्या वीतभर वर. पिवळे जास्त, दोन-तीन निळे फुलकिड्यांसाठी. ठरल्या वारी मोजा आणि आकडा वहीत लिहा. चार, नऊ, वीस असा चढत गेला की त्या सापळ्याखालची रोपं आधी तपासा. पाहणीला पिवळा शर्ट घालू नका, कीड अंगावर बसून पलीकडच्या वाफ्यात जाते.

पावसाळ्यात खरी भीती अँथुरियमच्या जिवाणूजन्य करप्याची. पानाच्या कडेला पाणी मुरल्यासारखे ठिपके येतात, मग ते तपकिरी होतात आणि भोवती पिवळी कड दिसते. सकाळी पानांच्या कडांवर जे थेंब असतात, रोगट झाडावर त्यातच जिवाणू असतात. म्हणून पानं सुकल्याशिवाय झाडांत शिरायचं नाही. जुलैत ती दुपारपर्यंत सुकत नाहीत; तेव्हा वाटेवरूनच बघा, हात लावू नका. निरोगी भागापासून सुरुवात, रोगट भाग शेवटी.

शंका आली तर डागाच्या कडेचा, अर्धा हिरवा अर्धा तपकिरी तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरा. काही मिनिटांत कापलेल्या कडेतून दुधाळ धागा उतरू लागला तर जिवाणू. मग बुरशीनाशक मारणं म्हणजे पैसे पाण्यात. जुनी पानं पिवळी पडून देठाचं बूड तपकिरी झालं असेल तर अख्खं झाड मुळासकट काढा. फुलं काढायचा चाकू दर झाडानंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसा.

डेंड्रोबियमच्या कळ्या पिवळ्या पडून गळत असतील तर एक कळी ब्लेडने उभी चिरा. आत पांढुरक्या अळ्या दिसल्या तर ती कळीमाशी. फवारा आतपर्यंत पोचत नाही आणि अळी कोषात जायला खाली नारळाच्या सोडणांत उतरते, म्हणून कळ्या खाली न टाकता पिशवीत बांधून उन्हात ठेवा.

फेब्रुवारी ते मे मोर्चा कोळ्यांकडे. पांढऱ्या कागदावर पान झटका, १० पट भिंगातून हलणारे ठिपके शोधा. आधी पंख्याजवळच्या आणि कडेच्या कोरड्या रांगा.

गोगलगायींसाठी ओलं गोणपाट संध्याकाळी वाटेत अंथरा आणि पहाटे उलटून बघा. मुंग्यांची रांग दिसली तर तिच्यामागे जा, टोकाला पिठ्या नाहीतर खवले सापडतातच.