द्राक्षाच्या नव्या बागेत खुंटावर कलम कसे करावे

नाशिक असो वा तासगाव, जमीन हलकी आणि विहिरीचे पाणी खारवट असेल, तर द्राक्षवेल स्वतःच्या मुळांवर वाढवण्याचा हट्ट धरू नये. डॉगरिज या खारवटपणा सोसणाऱ्या द्राक्षजातीची खुंटरोपे, म्हणजे ज्यांच्या मुळांवर पुढे हव्या त्या द्राक्षाची काडी जोडायची ती रोपे, जानेवारी ते मार्च या काळात ९ बाय ५ फुटांवर लावून बांबूच्या आधाराने वाढवावीत. इतके कोणालाही जमते.

खरी कसोटी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, कलमाच्या वेळी लागते. तेव्हा हवा दमट आणि उबदार असते, म्हणून कापलेला भाग सुकण्याआधीच जोड धरू लागतो. ‘पाऊस पूर्ण उघडल्यावर निवांत करा’ हा सल्ला मानून मी एकदा ऑक्टोबरअखेर कलमे केली आणि निम्म्याहून अधिक काड्या थंडीत वाळल्या.

खुंट जमिनीपासून सव्वा ते दीड फुटावर, जेथे तो गोल, रसरशीत आणि ८ ते १० मिलिमीटर जाड असेल, तेथे कापून मधोमध चिरावा. कलमकाडी पूर्ण पिकलेली, बारीक गाभ्याची, दोन डोळ्यांची आणि शक्यतो खुंटाइतक्याच जाडीची असावी. ती वापरेपर्यंत ओल्या गोणपाटात राहू द्यावी. तिला खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी एकाच सरळ कापाने पाचर द्यावी, कारण पुन्हापुन्हा तासलेली पाचर चिरेत नीट टेकत नाही. जोड धरतो तो साल आणि लाकूड यांमधल्या पातळ थरांचा. काडी बारीक असेल तर ती मध्यभागी बसवणे दिसायला नीटस वाटते, पण त्यात दोन्हीकडचे थर हुकतात. माझ्या पहिल्या दोन ओळी अशाच गेल्या. तिला एका कडेला सरकवून तेवढी बाजू तरी अचूक जुळवावी आणि पट्टी खालून वर घट्ट गुंडाळावी. रोपामागे मजुरी घेणारा कारागीर घाई करतोच, म्हणून मालकाने ओळीत उभे राहावे.

डोळे फुटले की कलम जगले, असे मानू नये. काडी स्वतःच्या साठ्यावरही फुटते आणि जोड नसेल तर पुढे कोमेजते. खुंटाचे फुटवे आठवड्याला काढावेत. मात्र कलम करताना प्रत्येक खुंटावर दुसरी एक काडी राखलेली असावी, म्हणजे फसलेल्या ठिकाणी त्याच हंगामात पुन्हा कलम करता येते.

थंडी ओसरल्यावर, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत, जोडाच्या वर तीन-चार डोळे ठेवून रिकट घ्यावा, म्हणजे त्यावरचा भाग छाटावा.