जागा बदलल्यावर घोडा आडवा पडत नाही? या चुका टाळा

नव्या तबेल्यात आणलेला घोडा दाणा-वैरण नीट खातो, पाणी पितो, लीद नेहमीसारखी टाकतो, आणि तेवढ्यावरून तो रुळला असे आपण धरून चालतो. रात्री तो आडवा पडला होता का, हे मात्र क्वचितच कोणी पाहते. माझ्या मते जागा बदलल्यानंतरची सर्वांत मोठी चूक हीच आहे आणि बाकीच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच निघतात.

घोडा उभ्याने झोपतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. मागच्या पायातील गुडघ्याची वाटी अडकवून ठेवण्याची सोय त्याच्या शरीरात असल्यामुळे स्नायूंवर फारसा ताण न येता तो उभा राहून डुलकी घेऊ शकतो, आणि झोपेचा बराचसा भाग त्याला असा मिळतोही. परंतु ज्या झोपेत बुबुळे वेगाने हलतात आणि स्वप्ने पडतात, तिच्यात अंगातील स्नायू पूर्ण सैल पडतात; त्यासाठी त्याला छातीवर बसून तोंड टेकवावे लागते किंवा कुशीवर आडवे व्हावे लागते. प्रौढ घोडा 24 तासांत साधारण 3 ते 5 तास, तेही तुकड्यातुकड्यांनी झोपतो आणि त्यातली ही आडवी झोप जेमतेम अर्धा ते एक तासाची असते. वाटा लहान असला तरी त्याला पर्याय नाही. शिकार होण्याची भीती रक्तात असलेल्या या जनावराच्या दृष्टीने जमिनीवर पडणे म्हणजे पळून जाण्याची संधी सोडणे होय, आणि अनोळखी वासांच्या, अनोळखी आवाजांच्या जागी तो ही जोखीम सहजासहजी घेत नाही. सुरुवातीच्या काही रात्री तो पडला नाही तर घाबरण्याचे कारण नाही. हेच आठवड्यामागून आठवडे चालले, तर मात्र दखल घ्यायलाच हवी.

खुणा न पाहणे

सकाळी खरारा करण्यापूर्वी दोन मिनिटे द्यावीत. शेपटीत किंवा आयाळीत अडकलेल्या पेंढ्याच्या काड्या, कुशीवर उमटलेला लिदीचा डाग, अंथरणात पडलेला खळगा, यांतले काही दिसले तर घोडा पडला होता असे समजावे. सलग कित्येक दिवस अंग स्वच्छ आणि पेंढा जसाच्या तसा असेल, तर ती समाधानाची गोष्ट नाही. पुढच्या पायांच्या गुडघ्यांवर किंवा खुराच्या वरच्या सांध्यावर समोरच्या बाजूने खरचटल्याच्या, पुन्हापुन्हा खपली धरलेल्या जखमा असतील, तर अधिक सावध व्हावे. आडवी झोप न मिळालेला घोडा उभ्याने पेंगू लागतो, मान खाली खाली जाते, पुढचे गुडघे अचानक लुळे पडतात आणि जमिनीला टेकता टेकता तो दचकून सावरतो. हे पाहून अनेकजण अशक्तपणाचे किंवा मेंदूच्या विकाराचे निदान परस्पर करून टाकतात. अशा वेळी झोपेची शंका आधी घ्यावी.

रात्रभर दिवा जळता ठेवणे

नव्या जागी घोडा बिचकू नये म्हणून काळजीपोटी दिवा चालू ठेवला जातो. हेतू चांगला असला तरी घोड्याला अंधारात आपल्यापेक्षा चांगले दिसते आणि रात्रभराच्या उजेडाने त्याच्या विश्रांतीत उलट व्यत्यय येतो. शिवाय उजेडाला सरावलेल्या त्याच्या डोळ्यांना अंधाराशी जुळवून घ्यायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून रात्री पाहणीसाठी वारंवार प्रखर दिवा लावणेही टाळावे.

सोबतीचा विचार न करणे

कळपात काही घोडे पडलेले असताना एखादा तरी बहुधा उभा राहून कानोसा घेत असतो. या पहाऱ्यावर विसंबूनच इतर निश्चिंत झोपतात. म्हणूनच एकट्या ठेवलेल्या किंवा जुना सोबती गमावलेल्या घोड्याची झोप सर्वांत आधी उडते, आणि ते मला फार क्लेशदायक वाटते, कारण वरवर तो शांत उभा असलेला दिसतो. शेजारी दुसरा घोडा नजरेला पडेल अशी जागा त्याला द्यावी. मात्र त्रास देणाऱ्या, सतत हुसकावणाऱ्या घोड्यासोबत एकाच आवारात कोंडणे ही सोबत नव्हे. कळपात खालच्या पायरीवरच्या घोड्याला तिथे पडायला मोकळा कोपराच मिळत नाही.

अंथरण आणि जागेत कसर करणे

रबराची चटई आहे म्हणून पेंढा पातळ घालणे ही नेहमीची चूक आहे. जाड, कोरड्या अंथरणावर घोडे अधिक वेळ पडून राहतात. मूत्राने भिजलेल्या अंथरणातून उठणारा अमोनियाचा उग्र वास माणसाला उभ्याने फारसा जाणवत नाही, म्हणून घोड्याचे नाक जिथे टेकते तिथे वाकून पाहावे. उठताना घोडा आधी पुढचे पाय समोर टाकतो आणि मान झोकून देतो. तेवढी मोकळीक नसलेल्या किंवा निसरड्या ठाणात एकदा अडकला की पुन्हा पडायला तो कचरतो.

एवढे सगळे सुधारूनही तो पडत नसेल, तर दोष नव्या जागेलाच देत बसू नये. सांधेदुखीमुळे उठणे-बसणे अवघड झालेले असते आणि जागा बदलल्यानंतर आपले लक्ष पहिल्यांदा तिकडे गेलेले असते, असेही घडते. तबेल्यात साधा कॅमेरा लावून चार-पाच रात्रींचे चित्रण पशुवैद्यकाला दाखवावे. घोडा पडायचा प्रयत्न करून, जागच्या जागी गोल फिरून, पुढचे गुडघे वाकवून पुन्हा सरळ उभा राहतो की पडण्याच्या वाटेलाच जात नाही, हा फरक त्यात स्पष्ट दिसतो. पहिल्या प्रकारात दुखण्याची, तर दुसऱ्यात भीतीची शक्यता आधी तपासावी.