दहा ‘नाही’ आणि एक पाहुणा : जुन्या थेट प्रक्षेपणातला खेळ कॉलनीत कसा रंगवावा

कोजागरीच्या रात्री दूध आटेपर्यंतचे दोन तास कसे भरून काढावेत, हा नागपुरातील बहुतेक कॉलन्यांच्या सांस्कृतिक समितीपुढचा दरवर्षीचा प्रश्न असतो, आणि अंताक्षरी, हाउजी व मुलांची नृत्ये एवढ्यावर त्याचे उत्तर संपते. ज्यांनी १९८५ मध्ये शेजाऱ्यांच्या बैठकीत सतरंजीवर बसून सिद्धार्थ बसूंचा ‘क्विझ टाइम’ पाहिला, आणि पुढे १९९३ पासून झी टीव्हीवर अन्नू कपूर यांच्या ‘अंताक्षरी’त दीवाने, परवाने की मस्ताने यांपैकी कोणता संघ भारी यावरून स्वतःच्या घरात भांडणे केली, ती माणसे आता साठीच्या आसपास आली आहेत. त्यांच्यासाठी दूरचित्रवाणीच्या अगदी पहिल्या काळातला एक खेळ आम्ही तीन वर्षे करून पाहिला. तो कसा करावा, काय टाळावे आणि कुठे फसगत होते, ते येथे सांगतो.

खेळ आहे ‘व्हॉट्स माय लाइन?’. अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर तो २ फेब्रुवारी १९५० रोजी सुरू झाला आणि ३ सप्टेंबर १९६७ पर्यंत चालला. त्याचे बहुतेक भाग न्यूयॉर्कमधून थेट प्रक्षेपित होत. पाहुणा येई, फळ्यावर आपले नाव लिही, सूत्रसंचालक जॉन चार्ल्स डॅली यांच्या शेजारी बसे, आणि समोरचे चार जणांचे मंडळ ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येईल असे प्रश्न विचारून त्याचा व्यवसाय ओळखू पाही. ‘होय’ आले तर तोच सदस्य पुढे विचारी. ‘नाही’ आले की पाळी दुसऱ्याकडे जाई आणि डॅली समोरचे एक पान उलटत. प्रत्येक पानाचे पाहुण्याला पाच डॉलर मिळत, दहा पाने उलटली की मंडळ हरले. म्हणजे मोठ्यात मोठे बक्षीस पन्नास डॉलरचे. एक फळा, दहा पाने आणि सहा खुर्च्या एवढ्या सामानावर साडेसतरा वर्षे निघाली, तेव्हा कॉलनीच्या वर्गणीत हा खेळ बसेल की नाही याची चिंता करू नये. आम्ही पानामागे दहा रुपये ठेवतो आणि वर संत्रा बर्फीचा डबा देतो.

सर्वाधिक वेळ पाहुणे निवडण्यावर घालवावा. समितीतील उत्साही मंडळी प्रथम डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल अशी नावे सुचवतात. ती नम्रपणे बाजूला ठेवावीत, कारण या खेळातील गंमत व्यवसायाच्या प्रतिष्ठेत नसून माणसाच्या चेहऱ्यावरून तो ओळखता न येण्यात आहे. नागपूर त्या दृष्टीने भाग्यवान आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबत मिरवणुकीसाठी बडगे, म्हणजे शेवटी जाळायचे मोठे पुतळे, तयार करणारा कारागीर, जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून कलमे करणारा रोपवाटिकेतला माणूस, कळमन्याच्या बाजारात संत्र्याची प्रतवारी करणारी बाई, सावजी भोजनालयासाठी मसाला भाजून वाटून देणाऱ्या मावशी, मालगाडीचा चालक, पेंचच्या जंगलातील वाटाड्या, अशी माणसे शहरात आणि आसपास सहज भेटतात. पाहुणा मात्र आपल्या वस्तीतला नसावा. धरमपेठेत खेळ असेल तर महालातून आणावा, महालात असेल तर त्रिमूर्तीनगरातून. कारण एकाच गल्लीतल्या माणसाचा धंदा मंडळाला खेळ सुरू होण्याआधीच ठाऊक असतो आणि मग चौघांना अज्ञानाचा अभिनय करावा लागतो, जो कोणालाही जमत नाही. एका रात्रीत तीन पाहुणे पुरेत. चौथा आणला की दुधाकडे लक्ष जाते.

मंडळात दोन बायका, दोन पुरुष, आणि त्यांपैकी एक तरी कॉलेजात जाणारा असावा. सर्वज्ञ माणूस घेऊ नये. तो पहिल्या तीन प्रश्नांत उत्तर काढतो आणि खेळ मारतो. प्रश्न लांबवणारी, मध्येच स्वतःवर हसणारी आणि चुकीच्या वाटेने आत्मविश्वासाने चालत जाणारी माणसे हवीत. प्रत्येक कॉलनीत अशी एक काकू असतेच.

आता खेळाचे मर्म. प्रेक्षकांना व्यवसाय आधीच कळलेला असतो, फक्त मंडळाला तो माहीत नसतो. अमेरिकेत तो पडद्यावर अक्षरांत दाखवीत, त्यामुळे मंडळाचा निष्पाप प्रश्न घरी बसलेल्यांना विनोदी वाटे. आपल्याकडे हे काम पुठ्ठ्याच्या पाटीने होते. मंडळाने डोळे मिटावेत, एका मुलाने जाड अक्षरांतली पाटी डोक्यावर धरून पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सावकाश चालत जावे, आणि पाटी पडद्यामागे गेल्यावरच सूत्रसंचालकाने डोळे उघडायला सांगावे. हे काम प्रोजेक्टरवर कधीही सोपवू नये. आम्ही पहिल्या वर्षी तसे केले आणि मंडळातील एका सदस्याच्या चष्म्यात अख्खा पडदा उमटला होता.

सूत्रसंचालक चुकला तर बाकी सारे बरोबर असूनही कार्यक्रम पडतो. डॅली हे मूळचे वृत्तनिवेदक होते. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवरील हल्ल्याची बातमी सीबीएसच्या रेडिओवरून देणारा आवाज त्यांचाच होता. करमणुकीच्या कार्यक्रमातही त्यांनी बातमीदाराची शिस्त सोडली नाही. मंडळातील सदस्यांना ते आडनावानेच हाक मारीत, कोणाची थट्टा झाली तरी तिला बोचरे वळण लागू देत नसत, आणि पाहुणा सफाई कामगार असो वा नामांकित अभिनेता, त्याला खुर्ची देण्याची त्यांची पद्धत बदलत नसे. आपल्याकडे रेडिओवर अमीन सयानींच्या आवाजात हेच अदब होते. ‘बहनों और भाइयों’ म्हणताना समोरच्याला मान मिळाल्याचे जाणवत असे. म्हणून कॉलनीतला सर्वात मोठ्या आवाजाचा, शेरोशायरी पाठ असलेला आणि माइक हातात आला की न सोडणारा माणूस या कामासाठी निवडू नये, मग तो समितीचा अध्यक्ष का असेना. निवृत्त शाळामास्तर किंवा बँकेच्या खिडकीवर तीस वर्षे लोकांचे ऐकून घेतलेली बाई, ही माणसे अधिक योग्य ठरतात.

त्याचे खरे काम न्यायाधीशाचे असते. ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या मधली जागा मोठी असते. संत्र्याची कलमे करणाऱ्याला ‘तुम्ही खाण्याची वस्तू विकता का?’ असे विचारले तर उत्तर काय द्यावे? तो रोप विकतो, फळ नव्हे. पण लोक ते रोप फळासाठीच घेतात. अशा वेळी सूत्रसंचालकाने पाहुण्याच्या कानाशी लागून दोन शब्द बोलावे, मग मंडळाला सांगावे की शब्दशः ‘नाही’ म्हणणे न्याय्य आहे, परंतु तो प्रश्न अगदी वाऱ्यावर सोडण्यासारखा नाही. डॅली यांची अशी वळणावळणाची स्पष्टीकरणे प्रसिद्ध होती. सुरुवातीला पाहुणा पगारी आहे की स्वतःचा धंदा करतो, एवढे सांगून टाकावे. नाहीतर चारही सदस्य त्याच प्रश्नावर पाने वाया घालवतात.

मागच्या कोजागरीला बडग्यांचा कारागीर आला होता. पाटी फिरली तेव्हाच मुलांमध्ये खसखस पिकली. काकूंनी विचारले, “तुम्ही काही वस्तू तयार करता का?” होय. “ती घरात ठेवतात?” पाहुण्याच्या तोंडून “नाही नाही बाप्पा!” निघून गेले आणि एक पान उलटले. पुढच्या सदस्याने विचारले, “ती पोळ्यांच्या डब्यापेक्षा मोठी असते का?” हा प्रश्न आम्ही त्याला मुद्दाम शिकवला होता, कारण मूळ कार्यक्रमात मंडळातले स्टीव्ह ॲलन हे पाव ठेवण्याच्या पेटीचे माप घेऊन असेच विचारीत आणि ते वाक्य पुढे अमेरिकेच्या बोलण्यात रुळले. कारागिराने दोन्ही हात पसरले, ते पुरेनात म्हणून उभा राहिला. “हात नको भाऊ, फक्त होय,” असे सूत्रसंचालिकेने बजावले. मग कॉलेजातल्या पोराने उगाच विचारले, “तुम्ही केलेली वस्तू लोक जाळतात का?” आणि ‘होय’ ऐकून स्वतःच गोंधळला. त्याने फटाके म्हटले, काकूंनी होळीच्या गोवऱ्या म्हटल्या, कोणी रावण म्हटला, आणि आठव्या पानावर मागून एका चिमुरड्याने न राहवून “घेऊन जा गे मारबत!” अशी आरोळी ठोकली. तो डाव आम्ही रद्द न करता उरलेली दोन्ही पाने उलटून पाहुण्याला पूर्ण शंभर रुपये दिले. असा निर्णय जागच्या जागी घेण्याचा अधिकार सूत्रसंचालकाकडेच असावा, समितीने मध्ये पडू नये.

तिसरा पाहुणा प्रसिद्ध व्यक्ती असावी, त्या वेळी मंडळाच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात. नागपुरात उन्हासाठी घरोघरी दुपट्टे असतातच, तेच वापरावेत. कॉलनीच्या मानाने प्रसिद्ध म्हणजे जुने मुख्याध्यापक, रोजचा दूधवाला, कोपऱ्यावरचा तर्री पोहेवाला. यांचा आवाज सर्वांच्या ओळखीचा असल्याने त्यांनी तो बदलून बोलावे. प्रेक्षकांनी टाळ्या मात्र तिन्ही पाहुण्यांना सारख्याच वाजवाव्यात, कारण पट्टी बांधलेले मंडळ टाळ्यांच्या जोरावरून बरेच काही ताडते. पाहुण्याला आधी एवढेच समजवावे की प्रामाणिक उत्तर म्हणजे अतिव्यापक उत्तर नव्हे. १९५७ मध्ये चित्रकार साल्वादोर दाली या खुर्चीत बसले आणि जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला ‘होय’ म्हणत गेले; अखेर त्यांची उत्तरे आवरण्यासाठी डॅली यांना मध्ये पडावे लागले.

एका बाबतीत कडक राहावे : कोणालाही आधी काहीही सांगू नये. त्याच काळात ‘ट्वेंटी-वन’ नावाच्या प्रश्नमंजूषेत निर्माते स्पर्धकांना उत्तरे आधी पुरवीत. हर्बर्ट स्टेम्पेल या स्पर्धकाला डिसेंबर १९५६ मध्ये अशा प्रश्नावर हरायला लावले गेले की ज्याचे उत्तर त्याला पक्के ठाऊक होते, आणि त्याला हरवणाऱ्या चार्ल्स व्हॅन डोरेन यांनी नोव्हेंबर १९५९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सारे कबूल केले. पुढच्याच वर्षी अशा लबाडीविरुद्ध तेथे कायदा झाला. स्पर्धकाला घाम फुटलेला दिसावा म्हणून त्याच्या काचेच्या खोलीतील थंड हवा बंद ठेवीत असत. आपल्याकडे त्यासाठी वेगळी व्यवस्था लागत नाही. आमच्या समितीतील एकाने स्वतःच्या मुलाला पाहुण्याचा धंदा जेवताना सांगून टाकला होता. मुलगा पहिल्याच प्रश्नात “तुम्ही कलमे करता का?” म्हणाला, आणि त्यानंतर जी शांतता पसरली ती अजून कोणी विसरलेले नाही. आता पाहुण्यांची नावे समितीतही फक्त दोघांना माहीत असतात.

थेट कार्यक्रमात गडबड होणारच, तिची तयारी ठेवावी. दूरदर्शनच्या जुन्या प्रेक्षकांना ‘रुकावट के लिए खेद है’ आणि मुंबई केंद्राची ‘व्यत्यय’ ही पाटी आठवत असेल. तशी एक पाटी रंगवून मंचाजवळ ठेवावी. माइक कर्कश ओरडला, पाहुणा शौचालयात अडकला, पाने वाऱ्याने उडाली की मुलाने ती उचलून धरावी. दुसऱ्या वर्षी ऐन खेळात वीज गेली तेव्हा ही पाटी कोणाला दिसेना. सूत्रसंचालिकेने खेळ थांबवला नाही. अंधारात प्रश्न येत राहिले, पाहुण्याचा आवाज येत राहिला, आणि प्रत्येक ‘नाही’नंतर पान उलटल्याची फडफड तेवढी ऐकू आली. म्हणून पाने कागदाची नव्हे, जाड पुठ्ठ्याची असावीत.

ध्वनिचित्रमुद्रण करायचे तर एकच मोबाइल तिपाईवर ठेवून संपूर्ण डाव न तोडता टिपावा. अडखळणे कापून टाकले की उरते ते नुसते उत्तर. मूळ कार्यक्रमाचे जे भाग आज पाहायला मिळतात तेही प्रसारणाच्या वेळी पडद्यावरील चित्र फिल्मवर टिपून ठेवल्यामुळेच, आणि सुरुवातीचे पुष्कळ भाग नष्ट झाले आहेत. डाव संपला की पाहुण्याने जाताना मंडळातील चौघांच्या खुर्च्यांपाशी जाऊन नमस्कार करावा, त्यांनी उभे राहून तो घ्यावा. तेथे हस्तांदोलन होत असे. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावाच लागतो, त्यामुळे साडेआठला सुरुवात करावी. तरीही तिसरा पाहुणा दहानंतर उरलाच, तर त्याला माइकविना घ्यावे, आणि लोकांना खुर्च्या पुढे ओढून मंचाभोवती बसायला सांगावे.