काँक्रीटला डाय करताना चट्टे का पडतात आणि ते कसे टाळायचे

सपाट, एकसारखा रंग हवा असेल तर अ‍ॅसिड स्टेनच्या वाटेला जाऊ नका. त्यातले लोह, तांबे, मँगनीज यांचे क्षार सिमेंटमधल्या चुन्याशी अभिक्रिया करून रंग देतात आणि चुना सगळीकडे सारखा नसतो. ढगाळ छटा हेच त्याचं सौंदर्य. सपाट रंगासाठी पाण्यातला किंवा अ‍ॅसिटोनमधला (पटकन उडून जाणाऱ्या द्रावकातला) डाय घ्या, नाहीतर पाण्यातला अ‍ॅक्रिलिक स्टेन. डाय उन्हाने फिका पडतो, म्हणून तो छताखालीच वापरावा.

डायची अभिक्रिया होत नाही, तो छिद्रांत मुरतो. काँक्रीट जिथे जास्त पितं तिथे रंग गडद, कमी पितं तिथे फिका. त्यामुळे खरी मेहनत रंगाचा डबा उघडण्याआधीची आहे.

काँक्रीट किमान 28 दिवसांचं होऊ द्या. मग जमिनीवर ठिकठिकाणी पाणी शिंपडा. कोपरे, दारासमोरची जागा आणि भिंतीलगतची पट्टी सोडू नका. पाणी मिनिटभरात मुरलं तर ठीक. थेंब तसेच उभे राहिले तर तिथे जुना सीलर (वरून लावलेला संरक्षक थर), क्युरिंग कंपाउंड (ताजं काँक्रीट लवकर वाळू नये म्हणून फवारलेला थर), मेण किंवा तेल आहे, किंवा पोलादी थापीने तो भाग फार घोटला गेलाय. तेलाचे डाग आधी डिग्रीझरने (तेल काढणाऱ्या द्रावणाने) काढा आणि मग संपूर्ण जमीन 80 ते 120 ग्रिटने (ग्रिट म्हणजे घासायच्या चकतीच्या खरखरीतपणाचा आकडा) घासा. फक्त वाईट जागा घासली तर तिथे वेगळ्या छटेचा गोल उठतो. बहुतेकांची चूक कडेला होते: मधला भाग मोठ्या मशीनने, कड हाताच्या ग्राइंडरवर वेगळ्या ग्रिटने. मग डाय पडताच खोलीभर चौकट दिसते. दोन्हीकडे ग्रिट एकच ठेवा. धूळ व्हॅक्यूमने ओढा, साध्या पाण्याने दोनदा पुसा. पांढरं फडकं फिरवल्यावर पांढरंच राहायला हवं.

ओल तपासायला 45 × 45 सेंमी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून 16 तास ठेवा. खाली दव दिसलं किंवा काँक्रीट काळवंडलं तर थांबा. बुजवलेले खड्डे आणि तडे रंग वेगळाच घेतात. ते डायखाली लपतील ही आशा ठेवू नका.

कोपऱ्यात एक चौरस मीटरचा नमुना करा आणि त्यावर सीलरही लावा, कारण सीलरने रंग गडद होतो. नमुन्याला किती डाय लागला ते मोजून पूर्ण जागेचा हिशोब करा, दहा टक्के जादा धरा आणि सगळे डबे एकाच मोठ्या भांड्यात एकत्र करा. दोन डब्यांत किंचित फरक असला तरी जमिनीवर तो उघड दिसतो.

डाय पंपाने फवारा, नोझल 30 ते 45 सेंमी वर. हात गोलाकार फिरवा, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढू द्या आणि कड ओली असतानाच पुढे सरका. थांबायचंच असेल तर सांध्यावर (काँक्रीटमध्ये मुद्दाम ठेवलेल्या खाचेवर) थांबा. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्या, दुसरा पहिल्याच्या काटकोनात. डबकं साचलं तर लगेच पसरवा. नोझलखाली कापड गुंडाळा, कारण एक गळका थेंबही डाग ठेवून जातो. एका भागावर ऊन पडत असेल तर तिथे डाय मुरण्याआधीच वाळतो. पडदे ओढा किंवा ऊन सरू द्या.

अ‍ॅसिटोनची वाफ पटकन पेट घेते. ज्योत, हीटर, ठिणगी देणारी यंत्रं बंद ठेवा, हवा खेळती ठेवा, सेंद्रिय वाफेसाठीचा मास्क घाला आणि पंपाचे वॉशर अ‍ॅसिटोनला टिकणारे आहेत का ते आधीच बघा.

वाळल्यावर वर राहिलेली रंगाची पूड ओलसर पांढऱ्या फडक्याने काढा. ती राहिली तर सीलरखाली धुरकट दिसतं, पुढे सीलरही सुटतो. सीलर डायच्या उलट जातीचा निवडा: अ‍ॅसिटोनच्या डायवर पाण्यातला, पाण्यातल्या डायवर सॉल्व्हंटचा (पाण्याऐवजी रासायनिक द्रावकातला). एकाच जातीचा घेतला तर डाय पुन्हा विरघळून रोलरसोबत ओढला जातो. पहिला हात पातळ असू द्या.

चट्टा दिसलाच तर सीलरआधी दुरुस्ती होते. फिक्या जागेवर पातळ केलेला डाय मधोमध फवारून कडा हलक्या विरवा. अ‍ॅसिटोनच्या डायची गडद जागा अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या फडक्याने थोडी उतरते. तेवढ्यानेही भागलं नाही तर तो भाग सांध्यापासून सांध्यापर्यंत पूर्ण घासून पुन्हा रंगवा.