रियुनियन की मॉरिशस? निसर्ग पाहायला जाताना बेट कसं निवडावं

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला, मॉरिशस आणि रियुनियन ही दोन ज्वालामुखी बेटं आहेत. दोघांमधलं अंतर जेमतेम २२५ किलोमीटर, विमानाने पाऊण तास. ज्या भूगर्भातल्या तप्त स्रोतातून ती वर आली, त्याच स्रोताच्या लाव्ह्यातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपलं दख्खनचं पठार तयार झालं, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि स्रोत खालीच राहिला. मग सरकत्या समुद्रतळावर आधी लक्षद्वीप-मालदीवचा कणा, नंतर मॉरिशस आणि शेवटी रियुनियन उभं राहिलं. धुळे-नंदुरबारकडे शेतांमधून सरळ रेषेत जाणाऱ्या काळ्या दगडाच्या उंच भिंती दिसतात ना, त्या लाव्हा वर येण्याच्या वाटा होत्या. तेच काम रियुनियनवर आजही चालू आहे.

निवड करताना बेटाचं वय लक्षात ठेवा. मॉरिशस सुमारे ८०-९० लाख वर्षांचं, झिजलेलं आणि ठेंगणं. त्याचं सर्वोच्च शिखर ८२८ मीटर, आणि बेटाभोवती प्रवाळाचं जवळपास पूर्ण कडं. रियुनियन २०-३० लाख वर्षांचं, म्हणजे कोवळं. शिखर ३,०७० मीटर, खोल दऱ्या, जिवंत ज्वालामुखी, आणि प्रवाळ फक्त पश्चिम किनाऱ्याच्या एका पट्ट्यात. जाहिरातीतल्या फोटोंत दोन्हीकडे हिरवे डोंगर आणि निळं पाणीच दिसतं, त्यामुळे फोटो पाहून ठरवू नका. पुढच्या क्रमाने जा.

पहिली पायरी: महिना

ही बेटं दक्षिण गोलार्धात आहेत, तिथले ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ, त्यातही जानेवारी ते मार्च सगळ्यात धोक्याचा. रियुनियनच्या पावसाची कल्पना यावी म्हणून सांगतो: ७-८ जानेवारी १९६६ ला तिथल्या फॉक-फॉक इथे २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला, आणि तो आजही जागतिक विक्रम आहे. जळगावात अख्ख्या वर्षात ७०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. अशा पावसात डोंगरातल्या पायवाटा बंद होतात, दरडी पडतात, ओढे ओलांडता येत नाहीत. नाताळच्या सुट्टीत जायचं असेल तर रियुनियनचा विचार सोडा. मॉरिशसला जाता येईल, पण एखाद-दोन दिवस खोलीत काढायची तयारी ठेवा.

आपल्यासाठी मे महिना फार सोयीचा. भुसावळला पारा ४५ कडे चाललेला असतो तेव्हा तिथे वादळं संपून कोरडा, गार काळ सुरू होतो. मे ते ऑक्टोबर दोन्ही बेटांवर चालायला उत्तम. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरमध्ये आली तरी चालते. जुलै ते सप्टेंबर दोन्हींच्या किनाऱ्यालगत कुबडे देवमासे येतात, पण तेव्हा रियुनियनच्या उंच भागात पहाटे पाणी गोठण्याइतकी थंडी असते.

दुसरी पायरी: सगळ्यात कमी चालणारा माणूस

बेट घरातल्या सगळ्यात तरण्याताठ्या माणसाच्या हौसेवर ठरवू नका. सगळ्यात कमी चालणाऱ्याच्या गुडघ्यांवर ठरवा. रियुनियनमधलं जे पाहण्यासारखं आहे, त्यातलं निम्म्याहून जास्त पायी गेल्याशिवाय दिसत नाही. माफात नावाचं प्रचंड खोरं आहे, त्यात वस्त्या आहेत, शाळा आहे, पण गाडीरस्ता नाही. पायी किंवा हेलिकॉप्टरनेच जायचं.

निघण्याच्या दोन महिने आधी एक चाचणी घ्या. पाठीवर सहा किलोची सॅक घेऊन सगळ्यांनी एक पूर्ण दिवस डोंगर चढा-उतरायचा: चाळीसगावकरांना पाटणादेवीहून कन्हेरगड, नंदुरबारकरांना तोरणमाळच्या वाटा किंवा अस्तंबा. निदान ६०० मीटर चढ आणि तेवढाच उतार झाला पाहिजे, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीन तास चालता आलं पाहिजे. पहिल्या दिवशी सगळेच चालतात. चढताना दम लागतो, पण गुडघे जातात ते उतरताना, म्हणून उताराकडे जास्त लक्ष द्या. दिवाळीत अस्तंब्याची यात्रा पायी करणाऱ्याला रियुनियन जड जाणार नाही. ज्यांना दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो, त्यांच्यासोबत मॉरिशसलाच जा. तिथला निसर्ग अर्ध्या दिवसाच्या चालीत, होडीतून आणि गाडीच्या रस्त्यावरूनही भरपूर दिसतो.

तिसरी पायरी: व्हिसा, विमान आणि दिवस

मॉरिशसला भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत. मुंबईहून थेट विमान आहे, साडेसहा तासांच्या आसपास. घड्याळ दीड तास मागे करायचं.

रियुनियन हा फ्रान्सचा भाग आहे, चलन युरो, पण तो शेंगेन क्षेत्रात, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांच्या गटात, येत नाही. इथेच पुष्कळांची फसगत होते. हातात शेंगेन व्हिसा असला म्हणून रियुनियनला प्रवेश मिळेलच असं धरू नका. फ्रान्सच्या अधिकृत व्हिसा संकेतस्थळावर जाण्याचं ठिकाण म्हणून रियुनियनच निवडून आपल्याला कोणता व्हिसा लागतो ते तपासा, आणि निदान दोन महिने आधी अर्ज करा. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. मुंबईहून सोयीची वाट मॉरिशसमार्गेच.

आता दिवस. सहा-सात दिवस असतील तर एकच बेट करा. दोन्ही उरकायला गेलात तर दोन दिवस विमानतळावर जातात, आणि रियुनियनमध्ये ढगांसाठी राखलेला दिवस उरत नाही. दहा दिवसांच्या वर असतील तर आधी रियुनियन करा, मग थकल्या पायांनी मॉरिशस.

मुंबईला विमानाच्या आदल्या दिवशीच पोचा. जळगाव, भुसावळ आणि धुळ्याहून येणाऱ्यांना कसारा घाट आहे, आणि पावसाळ्यात तो कधी अडवेल सांगता येत नाही. नंदुरबारकरांची गाडी सुरतवरून येते, पण एक दिवस हाताशी त्यांनीही ठेवावा.

रियुनियन ठरलं तर

राहायची ठिकाणं दोन ठेवा: एक सिलाओस किंवा सालाझीच्या खोऱ्यात, दुसरं ज्वालामुखीच्या जवळ पठारावर. समुद्रकाठी मुक्काम करून रोज डोंगरात ये-जा करायचा बेत हमखास फसतो. एकट्या सिलाओसच्या रस्त्याला ४०० च्या आसपास वळणं आहेत, आणि दृश्य असतं सकाळचं. नऊ-दहा वाजले की दऱ्यांतून ढग वर येतात आणि मग पुढचा कडाही दिसत नाही. मायदोच्या कड्यावरून माफात पाहायचं असेल तर सूर्योदयाला तिथे उभं राहायला हवं. गाडी भाड्याने घेणार असाल तर आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. रस्त्याची बाजू उजवी आहे, आणि घाटात पहिल्या दिवशी अंधारात गाडी चालवू नका.

पितों द ला फूर्नेझ हा २,६३२ मीटरचा ज्वालामुखी जगातल्या सगळ्यात जाग्या ज्वालामुखींपैकी एक. पा द बेलकोंब या २,३११ मीटरवरच्या कड्यापर्यंत गाडी जाते. तिथून पाचशेच्या वर पायऱ्या उतरून तुम्ही ज्वालामुखीच्या बंदिस्त अंगणात येता. पायाखालचा लाव्हा दोन प्रकारचा: कुठे दोरखंडाच्या पिळांसारख्या घड्यांचा, गुळगुळीत आणि चकाकणारा, तर कुठे भट्टीतल्या खंगरांसारखा फुटका आणि धारदार. दुसऱ्या प्रकारावर पडलात तर तळहात सोलून निघतो, म्हणून हातमोजे खिशात असू द्या. खडकांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके काढलेले असतात, तीच वाट. धुकं आलं आणि पुढचा ठिपका दिसेना, तर मागच्या ठिपक्याशी थांबा. अंदाजाने पुढे जाणारेच हरवतात.

दोलोमिउ विवराच्या कड्यावर जाऊन परत यायला पाच-सहा तास लागतात. हे विवर एप्रिल २००७ च्या उद्रेकात ३०० मीटरहून जास्त खोल खचलं. माणशी तीन लिटर पाणी घ्या, कारण वाटेत थेंबभर पाणी नाही की सावली नाही. आणि त्या पायऱ्या परतताना चढायच्या आहेत, हे दुपारी बारालाच आठवा. ज्यांना एवढं जमणार नाही त्यांनी फॉर्मिका लिओ या लहानशा लालसर शंकूपर्यंत जाऊन यावं, दीड तासाचं काम. उद्रेकाची चिन्हं दिसली की प्रशासन हे अंगण बंद करतं, आणि मग काठावरूनच पाहायचं. म्हणून ज्वालामुखीचा दिवस सहलीच्या सुरुवातीला ठेवा, म्हणजे बंद असला तरी नंतरचा एखादा दिवस हाताशी राहतो.

पितों दे नेझच्या ३,०७० मीटर शिखरासाठी सिलाओसजवळच्या ल ब्लॉकहून सुमारे १,१०० मीटर चढून काव्हर्न द्युफूरच्या निवाऱ्यात रात्र काढतात, आणि पहाटे तीन-चारला उरलेले ६०० मीटर चढतात. निवाऱ्यातल्या जागा फार आधी भरतात. विमानाच्या आधी निवाऱ्याची तारीख मिळते का ते पाहा आणि त्याभोवती बाकीचे दिवस बसवा. माफातच्या वस्त्यांमधल्या मुक्कामांचंही तेच. नवख्यांसाठी कोल दे बफ खिंडीतून ला नुव्हेल वस्तीवर उतरणारी दोन तासांची वाट चांगली.

पोहण्याबाबत ठामपणे सांगायला हवं. शार्कच्या हल्ल्यांमुळे २०१३ पासून रियुनियनमध्ये लगूनबाहेर (लगून म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतलं उथळ, शांत पाणी) आणि देखरेखीच्या जागांबाहेर पोहण्यावर सरकारी निर्बंध आहेत. लेर्मिताज किंवा सें-ल च्या लगूनमध्येच उतरा. पाणी आणि मुलं हेच सहलीचं मुख्य कारण असेल, तर तुमचं बेट मॉरिशस आहे.

मॉरिशस ठरलं तर

मॉरिशसला लोक किनाऱ्यावरच्या हॉटेलात बसून परत येतात, आणि निसर्गासाठी आलेल्या माणसाचं यापेक्षा मोठं नुकसान नाही. डोडो याच बेटावरचा, आणि तो सतराव्या शतकात नामशेष झाला. पण १९७४ मध्ये जंगलात फक्त चार उरलेला मॉरिशसचा खरूची (केस्ट्रेल, एक छोटा शिकारी पक्षी) आणि १९९० च्या सुमारास दहाच्या आसपास उरलेलं गुलाबी कबूतर आज शेकड्यांनी आहेत. पक्षी वाचवण्याचं एवढं अवघड काम जगात फार थोड्या ठिकाणी जमलं आहे.

ते पाहायला दोन दिवस काढाच. एक दिवस ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानासाठी. पेत्रेंच्या बाजूने सकाळी सातच्या आत शिरा, दुर्बीण घ्या आणि हळू चाला. इथे बाहेरून आणलेल्या चिनी पेरूने मूळ झाडं गुदमरवली आहेत. जिथे तो उपटून कुंपण घातलंय तिथलं जंगल आणि बाकीचं जंगल यांतला फरक डोळ्यांनी कळतो. दुसरा अर्धा दिवस माएबूरजवळच्या इल ओ एग्रेतसाठी. २६ हेक्टरचं हे बेटुकलं मार्गदर्शकासोबतच पाहता येतं, आधी नोंदणी करा. गुलाबी कबूतर आणि मोठी कासवं इथे जवळून दिसतात. शेजारीच ब्लू बेचं सागरी उद्यान आहे. तिथे काचेच्या तळाच्या होडीतून, न पोहणाऱ्या आजी-आजोबांनाही प्रवाळ पाहता येतं.

ल मोर्नच्या ५५६ मीटरच्या कड्यावर चढायचं तर पहाटे निघा. पहिला टप्पा सोपा, वरचा टप्पा हातांनी धरत चढायचा आहे, तो पावसानंतर टाळा. क्युरपीपचं त्रू ओ सेर्फ हे झाडांनी भरलेलं जुनं विवर आहे, त्याला तासभर पुरतो. शामारेलची सात रंगांची माती छोटीशीच आहे, वाटेवर असेल तर पाहा.

एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथे आहेत, आणि गणेश चतुर्थीला देशात सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवसांत गेलात तर विसर्जनाच्या दिवशी रस्ते आणि किनारे भरलेले असतात, डोंगरवाट दुसऱ्या दिवशी ठेवा.

खाणं आणि सामान

शाकाहारी माणसाची मॉरिशसमध्ये अडचण होत नाही. रस्त्यावर डाळपुरी मिळते. रियुनियनच्या डोंगरी मुक्कामांत सगळ्यांना एकच जेवण वाढतात, बहुधा भात, कडधान्य आणि कोंबडीचा किंवा सॉसेजचा रस्सा. बुकिंग करतानाच लेखी कळवा. सिलाओसची मसूर प्रसिद्ध आहे, त्यावर निभतं. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, खाकरे, भाजके फुटाणे असू द्या. दुधाची मिठाई, तूप, मांस, ताजी फळं, बियाणं नेऊ नका, सीमेवर काढून घेतात. जळगावची केळी प्रवासात मुंबईपर्यंतच.

कपड्यांत पावसाचं जाकीट, एक गरम थर, डोक्याला लावायची बॅटरी. बूट नवे नकोत, निदान दोन महिने वापरलेले हवेत. निघण्याआधी त्यांच्या तळव्यांच्या खाचा जुन्या ब्रशने घासून धुवा आणि उन्हात वाळवा, सॅकचे कप्पे उलटे करून झटका, पायमोज्यांना चिकटलेली कुसळं काढा. बाहेरून आलेल्या गाजरगवताने आपल्या बांधांचं काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे, आणि चारावर आलेला पक्षी जिथे वाचवला त्या जंगलात आपल्या शेतातलं एक बीही जायला नको.