विरजणच मेलेलं असेल तर दही कसं लागेल? जैविक खतं आणि प्रोबायोटिक वापरताना या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी ट्रायकोडर्माच्या, म्हणजे मुळांचे रोग रोखणाऱ्या उपयोगी बुरशीच्या, दहा पुड्या आणल्या आणि पडवीत पत्र्याखाली ठेवल्या. जूनअखेर मिरीच्या वेलांना घातल्या. ऑगस्टमध्ये माडांवर चढलेले चांगले पोसलेले वेल खालून काळे पडत गेले. उरलेली एक पुडी ओलसर शेणखतात कालवून पाहिली, तर दहा दिवसांत हिरव्या बुरशीचा ठिपकासुद्धा धरला नाही. पत्र्याखालच्या उकाड्यात ती केव्हाच मेली होती. वेलांना गेली ती नुसती शंखजिऱ्याची भुकटी.

तेव्हापासून वाडीत सगळ्यांना सांगतो, या पुड्या म्हणजे औषध नव्हे, विरजण आहे. जिवंत वस्तू आहे. तिला सावली लागते, ओल लागते, खाणं लागतं.

विकत घेताना आधी उत्पादनाची तारीख बघा. पावडरीतली जिवाणू खतं साधारण सहा महिने टिकतात, द्रवरूप खतं त्याहून जास्त. नियमाप्रमाणे रायझोबियमच्या (कडधान्यांच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू) एक ग्रॅम पावडरीत किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत, ट्रायकोडर्माच्या ग्रॅममध्ये किमान २० लाख. हा आकडा पुडीवर ‘सीएफयू’ म्हणून छापलेला असतो. तो नसेल तर पुडी घेऊ नका. दुकानात ती उन्हातल्या फळीवर होती की आत गारव्याला, हेही डोळ्यांनी बघा. जमेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात ताजा माल मिळतो का, फोन करून विचारा.

दुसरी चूक, पुडी कोरडीच मुळाशी फेकायची. एक किलो ट्रायकोडर्मा १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, सावलीत ढीग करा, वर ओलं गोणपाट टाका. खत मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. मध्ये एकदा परतलं की १० ते १५ दिवसांत ढिगावर पांढरी, मग हिरवी बुरशी धरते. ती दिसली की खत मिरी-सुपारीच्या आळ्यात घालून मातीने झाका. हे काम पावसाच्या पहिल्या सरींबरोबर उरकावं. जुलैत आपल्याकडे पाणी आळ्यातून वाहतं, तेव्हा घातलेलं पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, जाऊन मिळतं.

आता बोर्डोचं. सुपारीची फळं कुजवून गाळणाऱ्या कोळेरोगाला अजूनही खरा आधार एक टक्का बोर्डो मिश्रणाचाच आहे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, १०० लिटर पाणी. पाऊस लागण्याआधी एक फवारणी आणि मग दीड महिन्याने दुसरी. रोग शिंपुटांवर, म्हणजे फळांच्या घोसांवर, येतो, बुंध्यात घातलेली बुरशी तिथे पोचत नाही. पण मोरचुदातलं तांबं उपयोगी जिवाणू-बुरशींनाही मारतं. म्हणून बोर्डो आणि स्यूडोमोनास (रोग रोखणारे जिवाणू) किंवा ट्रायकोडर्मा एका पंपात तर नाहीच, दोन्हींत पंधरवड्याचं अंतरही ठेवा. ट्रायकोडर्माबाबत कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचंही तसंच.

भातात मोठा घोटाळा नावाचा होतो. रायझोबियम भाताला उपयोगाचं नाही, ते वाल-चवळी-कुळथाच्या मुळांवरच गाठी करतं. भाताला अॅझोस्पिरिलम हे जिवाणू खत, आणि तेही लावणीआधी तरव्याची, म्हणजे रोपांची, मुळं त्याच्या पाण्यात बुडवून. राब भाजायच्या आधी वाफ्यात काही घालू नका, सगळं जळून जाईल. भात कापल्यावर वाल पेरताना दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम थंड गुळाच्या पाण्यातून चोळा आणि बी सावलीत सुकवा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, रायझोबियम सर्वांत शेवटी. आपली जांभ्याची माती आंबट असते, त्यामुळे चुन्याची गरज आहे का ते माती तपासून ठरवा. महिन्याने एक रोप हळूच उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

माडावरच्या गेंड्या भुंग्यासाठी मेटारायझियम ही किडींना मारणारी बुरशी आणतात आणि शेंड्यावर फवारतात. झावळ्या त्रिकोणी कातरलेल्या दिसतात, त्यामुळे नजर वर जाते. पण भुंग्याच्या अळ्या वाढतात परसातल्या शेणाच्या खड्ड्यात आणि कुजलेल्या माडाच्या खोडात. बुरशी तिथे मिसळायला हवी. पावसाळ्यातली ओल तिला मानवते, चैत्रात कोरड्या खड्ड्यात ती रुजत नाही. काही आठवड्यांनी खड्डा उकरला आणि कडक झालेल्या हिरवट अळ्या सापडल्या, की समजावं लागण झाली. शेजारच्या परसातला खड्डा तसाच राहिला तर भुंगे तिथून येतच राहतात, म्हणून मी शेजाऱ्यांनाही पुडी देतो.

गोठ्यातली, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जंतूंच्या पुड्यांची (प्रोबायोटिकची) चूक अगदी साधी आहे. गाईला यीस्ट देतात ते चुलीवरून उतरलेल्या वाफाळत्या आंबोणात. बोट सुखाने टिकेल इतकं कोमट झाल्यावरच घाला. प्रतिजैविकाचं इंजेक्शन चालू असेल तर ते संपेपर्यंत जिवाणूंची पुडी बहुतेक वायाच जाते. कोंबड्यांना पाण्यातून देत असाल तर विहिरीत नुकतीच टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडर पडली आहे का, ते विचारा. ते पाणी उघड्या पातेल्यात रात्रभर ठेवून मगच वापरा. कोळंबीच्या तळ्यालाही हाच न्याय. ब्लीचिंगचा अंश पूर्ण गेल्याशिवाय जिवाणू सोडू नका, आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूवर ते औषध आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

वासरांबद्दल मात्र कळकळीने सांगतो. चीक हेच त्याचं पहिलं संरक्षण. जन्मल्यावर दोन तासांच्या आत पहिला चीक त्याच्या पोटात जाऊ दे. दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे वीस किलोच्या वासराला दोन लिटर. चोवीस तासांनंतर त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून रक्तात उतरत नाहीत. खरवस नंतरच्या चिकाचा करा. आणि जुलाब लागलेल्या वासराचे डोळे खोल गेले, तोंड गार पडलं, ते उठेनासं झालं, तर प्रोबायोटिकची पुडी शोधत बसू नका. शुद्धीवर असून चोखत असेल तर मीठ-साखरेचं पाणी सुरू करा आणि त्याच रात्री पशुवैद्यांना बोलवा. पुडी सकाळी.