बोअरचं काम करतो म्हणजे नेमकं काय करतो

गावाकडं कुणी विचारलं की पोरगं काय करतंय, तर आई सांगायची "संभाजीनगरला बोअरचं काम करतंय", आणि समोरचा लगेच, किती फुटावर लागलं पाणी? आमच्या औसा तालुक्यात बोअर म्हणजे एकच, जमिनीतलं. इंजिनच्या सिलिंडरलापण बोअर म्हणतात हे समजवायला मला दोन दिवाळ्या लागल्या. पण गंमत अशी की स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आतली जाड नळी, बसवणं म्हणजे काय हे सगळ्यात आधी आमच्या दादांनाच कळलं. म्हणले, "वरची माती ढासळू नये म्हणून केसिंग टाकतेत, तसंच की." तसंच दादा, फक्त इथं वरून माती नाही, आतून स्फोट दाबतोय.

आता आयटीआयचे पोरं भेटले की विचारतात, भाऊ टर्बोवाल्या (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या) गाड्यांचे ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असतात तो इंजिनचा मुख्य भाग, मजबूत करायचं काम शिकायचंय, कुठून सुरू करू. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

मी मशिनिस्ट ट्रेड केला, दोन वर्षं. मग चिकलठाण्याकडच्या एका बोरिंगच्या (सिलिंडर आतून कापून मापाला आणायच्या) दुकानात लागलो, महिना साडेसहा हजारावर. डोक्यात रेसिंग, आणि दुकानात आले कोण, तर ट्रॅक्टर. पहिलं दीड वर्ष नुसते ट्रॅक्टर. तेव्हा लई वाईट वाटायचं, आता वाटतं तेच बरं झालं, कारण जास्त हॉर्सपॉवरचं इंजिन म्हणजे काय ते मला ऊसवाल्या ट्रॅक्टरनं शिकवलं. गाळप हंगामात दोन ट्रॉल्या ओढायच्या म्हणून लोक काय करतात, डिझेल पंप वाढवून घेतात, म्हणजे इंजिनात जास्त डिझेल सोडतात. काळा धूर निघतो, ताकद वाढल्यासारखी वाटते, थोडी वाढतेही, आणि मग एका चढावर हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्याच्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांच्यामधली सील) जातं नाहीतर लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, तडा. म्हणजे आतलं प्रेशर वाढवलं पण ते धरून ठेवणारी भिंत तीच जुनी ठेवली. शहरातला पोरगा होंडाला टर्बो लावतो तेव्हा नेमकं हेच करत असतो, फक्त धुराचा रंग वेगळा.

थोडा हिशोब बघा, मग पुढचं सोपं जातं. जुनी होंडा सिटी व्हीटेक घ्या, २००३ पर्यंत विकली जायची ती, १४९३ सीसी, कंपनीतून १०६ हॉर्सपॉवर. तिचा बोअर ७५ मिलीमीटर. टर्बो लावून आतलं कमाल प्रेशर समजा १०० बारवर गेलं, तर एका पिस्टनच्या डोक्यावर साधारण साडेचार टन जोर येतो. आमच्या भाषेत ४५ क्विंटल सोयाबीन, एका वाटीएवढ्या जागेवर. आणि ७००० आरपीएमला एका सिलिंडरमध्ये हे मिनिटाला ३५०० वेळा. त्यातला बराचसा जोर खाली क्रँककडं जातो, पण कनेक्टिंग रॉड तिरका असतो म्हणून काही जोर पिस्टनमार्फत भिंतीवर आडवा येतो, आणि तो दर वेळी एकाच बाजूला. त्या बाजूला थ्रस्ट साइड म्हणतात. ब्लॉक तडकला की बहुतेक वेळा तडा तिथंच सापडतो.

या सिटीचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि ओपन डेक (डेक म्हणजे ब्लॉकचा वरचा सपाट भाग, ज्यावर हेड बसतं). ओपन डेक म्हणजे टोपात पाणी घेऊन त्यात चार ग्लास एकमेकांना चिकटून उभे करावेत तसं, खाली पक्के, वरच्या कडेला मोकळे. कंपनीला ओतकाम सोपं पडतं, वरच्या भागाला पाणीपण चांगलं लागतं, आणि १०६ हॉर्सपॉवरला हे एकदम ओके आहे. प्रेशर वाढलं की मात्र ग्लासाचं वरचं तोंड हलायला लागतं, गॅस्केट घासतं, पिस्टनच्या रिंगा भिंत सोडतात. टोयोटाच्या २जेझेड इंजिनचं एवढं नाव का, तर त्याचा ब्लॉक बिडाचा आणि क्लोज्ड डेक, वरून सगळा बंद. शेंद्र्याच्या स्कोडा प्लांटमधनं निघालेल्या जुन्या ऑक्टाव्हियाचं १.८ टर्बो इंजिनपण बिडाचंच, त्यात ताकद वाढवली तर भिंतीच्या आधी कनेक्टिंग रॉड वाकतात. म्हणून गिऱ्हाइकानं "ब्लॉक मजबूत करून द्या" म्हणलं की पहिला प्रश्न हा, की तुमच्या इंजिनात आधी तुटणार काय? निम्म्या लोकांना स्लीव्हची गरजच नसते. दुकान चालवणाऱ्याला हे सांगणं परवडत नाही ती गोष्ट वेगळी.

उपाय तसे चारपाचच आहेत, त्यातले तीन सांगतो. ब्लॉक गार्ड म्हणून एक ॲल्युमिनियमची पट्टी मिळते, ओपन डेकच्या मोकळ्या जागेत वरून दाबून बसवायची. स्वस्त, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त डोकेदुखीची. मी स्वतः एकदा आधी होनिंग (सिलिंडर आतून घासून शेवटचं माप देणं) करून घेतलं आणि मग गार्ड ठोकला. फायबरच्या हातोडीनं, प्रेमानं, हळूहळू. नंतर आतला व्यास मोजायचं बोअर गेज घातलं तर वरच्या टोकाला ४० मायक्रॉन ओव्हल (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). गोल सिलिंडरचं मी अंडं करून ठेवलं होतं. दुकानातले उस्ताद काही बोलले नाहीत, चहा घेऊन आले आणि म्हणले, "अब इसको फिरसे काट." गार्ड बसवायचाच असेल तर आधी बसवा, मग बोरिंग, मग होनिंग, आणि पाण्याला जायला जागा राहिली का ते बघा, कारण सगळ्यात गरम भाग वरचाच आणि तिथलंच पाणी तुम्ही अडवताय.

दुसरा उपाय, पाण्याच्या जागेत खालून अर्ध्यापर्यंत ग्राउट भरायचं. ते खास ब्लॉकसाठीचं ग्राउट असतं, घरबांधणीचं सिमेंट नाही, ते आकसतं (हसू नका, एकानं आणला होता असा ब्लॉक). भिंतीचा खालचा भाग दगडासारखा होतो पण तिथलं पाणी बंद, त्यामुळं तेल जास्त तापतं. ड्रॅग रेसच्या गाडीला चालतं, ती काही सेकंदांत पळून थांबते. परभणीच्या मे महिन्यात रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मी भरून देत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

खरं काम म्हणजे स्लीव्ह. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधली मूळ पातळ बिडाची लायनर पूर्ण कापून काढायची, खाली एक पायरी ठेवायची म्हणजे नवी स्लीव्ह खाली सरकत नाही, आणि तिथं डक्टाइल आयर्नची जाड स्लीव्ह बसवायची. साधं बीड ताणाला ठिसूळ, डक्टाइलमध्ये ग्रॅफाइटच्या गोळ्या असतात म्हणून तडा सहजासहजी पुढं पळत नाही. स्लीव्हला वर रुंद कॉलर असली आणि चारी कॉलर एकमेकींना टेकल्या की ओपन डेकचा जवळपास क्लोज्ड डेक होतो.

बसवायचा दिवस मला आजही लग्नासारखा वाटतो. स्लीव्ह भोकापेक्षा मुद्दाम मोठी ठेवतात, ५० ते ७० मायक्रॉन. ठोकून बसवायची नाही. आम्ही वाळूजला पावडर कोटिंगवाल्याच्या भट्टीत ब्लॉक १५० डिग्रीपर्यंत तापवून घेतो, आणि स्लीव्हा रात्रभर शेजारच्या कुल्फीवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये, प्लास्टिकात गुंडाळून, मटका कुल्फीच्या बाजूला. ८० मिलीमीटरचं भोक ॲल्युमिनियमचं, १२० डिग्री वाढली की साधारण २२० मायक्रॉन मोठं होतं. स्लीव्ह ४० वरून उणे १८ वर गेली की ५० मायक्रॉन बारीक होते. म्हणजे हातात जागाच जागा. हातमोजे घालून सरळ धरायची आणि सोडायची, टप्प असा एकच आवाज येतो. वाकडी धरली आणि मधेच अडकली की काही सेकंदांत दोन्हीचं तापमान जवळ येतं आणि ती तिथंच कायमची. माझी एक अडकली आहे. ब्लॉक भंगारात गेला आणि तीन महिने पगारातनं कटिंग झालं, म्हणून सांगतोय, आधी थंड ब्लॉकच्या शेजारी उभं राहून रिकाम्या हातानं दहा वेळा ती हालचाल करा. बसल्यावर वरून प्लेट आवळून ठेवायची, कारण ब्लॉक थंड होताना स्लीव्ह केसभर वर उचलते. मग पाण्याची प्रेशर टेस्ट, मग डेक सपाट करायचा, आणि मगच बोरिंग.

होनिंग टॉर्क प्लेट लावूनच. ही जाड प्लेट हेडच्या जागी हेडच्याच टॉर्कनं, म्हणजे तेवढ्याच पिळानं, आवळतात, कारण हेड कसलं की बोल्टच्या ओढीनं भिंती आत बाहेर होतात. प्लेटशिवाय केलेला बोअर टेबलावर गोल दिसतो आणि गाडीत ओव्हल असतो. प्लेट नाही अशा दुकानात टर्बोचं काम शिकू नका, काही कळणार नाही.

आणि मोजणं. इथं जरा थांबतो कारण नवीन पोरांचं सगळं इथंच फसतं. आमच्या दुकानावर पत्रे. एप्रिलमध्ये सकाळी आठला मी एक ब्लॉक मोजून वहीत लिहिला, दुपारी तीनला तोच ब्लॉक परत मोजला तर २० मायक्रॉन मोठा. मला वाटलं गेज बिघडलं. उस्तादांनी ब्लॉकला हात लावायला लावला, मग गेज सेट करायच्या रिंगला. ब्लॉक दारात उन्हाच्या झळीत चटका देत होता आणि रिंग ऑफिसातल्या कूलरसमोर. ७५ मिलीमीटरचं ॲल्युमिनियम १० डिग्रीला १७ मायक्रॉन वाढतं, आणि पिस्टन आणि भिंतीतली फट आपण धरतो ती किती, त्याच्या फक्त चारपाच पट. मग चूक कुठंपण लपू शकते. तेव्हापासून ब्लॉक, पिस्टन, मायक्रोमीटर, रिंग सगळं रात्रभर एकाच टेबलावर आणि माप पहाटे सहाला. वर, मधे, खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, म्हणजे एका सिलिंडरची सहा मापं, चार सिलिंडरची चोवीस. कंटाळा येतो. येऊ द्या.

बिडाच्या ब्लॉकला आधी अल्ट्रासॉनिक मीटरनं भिंतीची जाडी बघा. ओतताना साच्यातला गाभा सरकलेला असला तर एका बाजूची भिंत पातळ निघते, आणि तीच थ्रस्ट साइड असली तर कितीपण भारी पिस्टन घाला, उपयोग नाही. आपल्याकडं अजून एक भानगड, खारं पाणी. कूलंट महाग म्हणून लोक बोअरचं (जमिनीतल्या) पाणी रेडिएटरला घालतात, क्षार साचून आतली पाण्याची वाट निम्मी बंद, वरून गंज. ब्लॉक केमिकलमधनं धुतल्याशिवाय मीटर खरी जाडी सांगत नाही.

आणि एक कटू गोष्ट. माझ्याकडं "ब्लॉक फुटला" म्हणून आलेल्या कामांपैकी बरेच ब्लॉक नॉकिंगनं मेलेले होते, म्हणजे पेट्रोल वेळेआधी आपोआप भडकत होतं. ४२ डिग्रीच्या हवेत, खराब ट्यूनवर, टर्बोचा बूस्ट वाढवून. त्यात प्रेशर असं उसळतं की स्लीव्ह असो नसो, पिस्टनच्या कडा आधी जातात. म्हणून ट्यूनरशी, म्हणजे इंजिनचं पेट्रोल-स्पार्क सेट करणाऱ्याशी, बोलल्याशिवाय मी काम घेत नाही. रस्त्यावरच्या गाडीत मनानं बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं हेपण गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाका, नंतर आरटीओसमोर आपलं नाव निघतं.

शिकायचं कुठं? मशिनिस्ट किंवा टर्नर आयटीआय बस आहे. जमलं तर चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथं मशीनिंग आणि मोजमाप नीट शिकवतात, घाईत स्लीव्हच्या मागं लागण्यापेक्षा तिथनं आलेलं पोरगं मी आधी घेईन. त्यानंतर एक वर्ष ट्रॅक्टरच्या दुकानात काढा, वेट लायनर (जिला बाहेरून थेट पाणी लागतं ती) ब्लॉकच्या किती वर राहिली पाहिजे, तिची ओ रिंग (रबरी सील) कशी कापली जाते, हे हाताला कळतं. पगार सुरुवातीला कमीच असतो, कंपनीत हेल्पर लागलेला मित्र जास्त कमवेल, दोनतीन वर्षं तो टोमणे मारणार. आणि पहिल्या दिवशी जाताना स्वतःचा व्हर्नियर घेऊन जा, उस्ताद लोक आपला कुणाला हात लावू देत नाहीत.